सबब

आमच्या शाळेच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. हुमनाबाद तालुक्यात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की उद्या कुणीतरी भालकीला माझ्या दारात येऊन उभं राहील आणि म्हणेल, बाई, असं काही घडलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अधूनमधून मलाही तसंच वाटतं. सरांच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच आहे. त्यांच्यावर चिडायला बसले की हसू येतं, आणि त्यांचे गुण सांगायला बसले की राग येतो.

मी मूळची उदगीरकडची. लग्न होऊन खटकचिंचोळीच्या घरात आले, नवऱ्याच्या कामासाठी भालकीत राहिले आणि तिथून बसने या शाळेत मराठी शिकवायला जाऊ लागले. शाळा मराठी माध्यमाची, पण स्टाफरूममध्ये वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं, आणि मध्ये कुठंतरी दखनी उर्दूचं एक ठिगळ असायचं. मला कन्नड अजिबात येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात बसलेल्या एका शांत, उंच गृहस्थांना विचारलं, "सर, नववीचा वर्ग फार दंगा करतो म्हणतात. खरंय का?"

त्यांनी वहीतून मान वर केली आणि म्हणाले, "माडि नोड्री."

मी मराठीची बाई. मला माडी म्हणजे वरचा मजला माहीत. मला वाटलं, नववीचा वर्ग वर भरतो. खडू-डस्टर घेऊन मी जिना चढले. वर नुसती गच्ची. पाण्याची टाकी, एक मोडका पृथ्वीगोल आणि शिपायाच्या बायकोनं वाळत घातलेल्या मिरच्या. ठसका लागून खाली आले तर अख्खी स्टाफरूम पोट धरून हसत होती. माडि नोड्री म्हणजे करून बघा, हे मला तेव्हा कळलं. मीही हसले. दुसरं करणार काय?

हसले नाहीत ते फक्त सर. ते उठले आणि सरळ जिना चढून गच्चीवर गेले. पाच मिनिटांनी डोळे पुसत खाली आले.

"व्हय बाई, ठसका लागतंय," ते म्हणाले. "आता बोला. कामून गेलाव वर?"

सर म्हणजे हे असं. स्वतः करून बघितल्याशिवाय ते कशालाही नाव ठेवत नसत. चांगलंही म्हणत नसत, पण नाव ठेवण्याच्या बाबतीत जास्तच कडक. विज्ञान शिकवायचे. राहायला निर्णा गावात, तिथं घरची शेती, आणि रोज जुन्या मोटारसायकलवरून शाळेला येत. पोरांनी त्यांचं नाव 'माडिनोड सर' पाडलं होतं, ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सातवीच्या एका मुलीचा बाप तक्रार घेऊन आला की दप्तर फार जड आहे, लेकीची पाठ वाकायली. हेडमास्तर म्हणाले, सगळ्याच शाळांत असतं. सर म्हणाले, थांबा. त्या मुलीचं दप्तर त्यांनी स्वतःच्या पाठीवर अडकवलं आणि शाळेपासून तिच्या वस्तीपर्यंत चालत गेले. पट्टे लहान, माणूस सहा फुटी, दप्तर मानेखाली लोंबकळतंय, मागून पन्नास पोरं. दुसऱ्या दिवशी खांदा चोळत त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, "जड हाय. मी सांगायलोय." वेळापत्रक बदललं.

जंताच्या गोळ्या आल्या तेव्हा पोरांच्या आधी त्यांनी एक खाल्ली. दुपारच्या जेवणाच्या भाताबद्दल कुरकुर झाली तेव्हा महिनाभर पोरांच्या पंगतीत बसून तोच भात खाल्ला, आणि मगच आचाऱ्याला बोलले. छडीचंही तसंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी म्हणे एका पोराला मारायच्या आधी त्यांनी स्वतःच्या तळहातावर मारून बघितलं आणि छडी खिडकीतून बाहेर टाकली. ही गोष्ट खरी का खोटी, मी विचारलं नाही. मी तिथं नव्हते.

स्टाफरूमला त्यांची गंमत वाटायची. कुणीतरी मुद्दाम खडा टाकायचं, "अण्णा, विष वाईट असतंय का?"

सर विचार करायचे. खरोखर विचार करायचे. मग म्हणायचे, "लोक म्हणतेत तसं."

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. मी एकदा निर्ण्याला त्यांच्या घरी गेले होते तेव्हा अक्कांनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "ह्ये माणूस आजपतोर माज्या भाजीला नाव ठेवलं न्हाई बगा. कामून? आदी सोता करून बगतंय. आन त्येची भाजी तर कुत्रं बी हुंगत न्हाई." मग पदरात हसून म्हणाल्या, "बाळंतपण तेवढं राहिलंय करून बगायचं. मी तीन येळा वरडले, ह्ये तीन येळा गप. म्हणलं, काय तरी बोला. तर म्हणतंय, मला काय अनुभव हाय?"

तेव्हा मी खूप हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

सरांचा आणखी एक शब्द होता. सबब. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, त्यामुळे सर 'कारण' म्हणत नसत, 'सबब' म्हणत. एकदा बस चुकून मी उशिरा पोचले, तर सरांनी विचारलं, "बाई, आज सबब काय?" माझा चेहरा पडला. आम्ही सबब म्हणतो ते खोट्या कारणाला. मला वाटलं, हा माणूस मला चुकार म्हणतोय. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच खुलासा केला, "आमच्याकडं सबब म्हंजे नुसतं कारण. खरं बी असतंय, खोटं बी. आन हापिसात लिवतेत तवा 'सबब' म्हंजे 'म्हणून'. एकच शब्द, काय करावं त्याला?" मग माझ्या डब्यातली शेंगाची चटणी बोटानं चाखून म्हणाले, "मीठ कमी पडलंय." माझ्या डब्यातली चटणी ते रोज खायचे, म्हणून त्यांना तेवढं बोलायचा हक्क होता, असं त्यांचं मत.

आता ती गोष्ट.

आमच्या स्टाफरूममध्ये चिनीमातीचे कप होते, निळ्या फुलांचे. मधल्या सुट्टीत शिपाई किटलीतून चहा आणायचा. आम्ही त्याला अप्पा म्हणायचो. चहा माझा जीव की प्राण आहे. तीन वर्षं मी त्या निळ्या फुलांच्या कपातून चहा प्याले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं, त्यामुळे मी कोण, कुणाची, हा प्रश्न कुणाला पडला नसावा. मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी हौसेनं सगळ्यांना पत्रिका वाटल्या. पत्रिकेवर वरच्या बाजूला बुद्धांचं चित्र होतं, खाली विहाराचा पत्ता होता. सगळ्यांनी बघितली, सगळे छान म्हणाले.

लग्न करून परत आले त्या सोमवारी अप्पानं माझ्यापुढं चहा ठेवला तो कागदी कपात.

मला वाटलं, कप फुटला असेल. मंगळवारीही कागदी. बुधवारीही. बाकी सगळ्यांपुढं निळी फुलं. गुरुवारी मी अप्पाला बाजूला घेऊन विचारलं. तो माझ्याकडं बघेना. "मला सांगितलंय तेवढं करायलोय, बाई," तो म्हणाला. कुणी सांगितलं, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या दिवशी बसमध्ये मी भालकी येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. नवरा म्हणाला, नोकरी सोड. मी म्हटलं, चहासाठी? तो म्हणाला, चहासाठी नाही, तुला माहीत आहे कशासाठी. मी नोकरी सोडली नाही. मी हेडमास्तरांना अर्ज दिला. मला कुणाला शिक्षा नको होती. असं झालं आणि ते चुकीचं होतं, एवढं कुणीतरी म्हणावं, इतकंच मला हवं होतं.

हेडमास्तर घाबरट माणूस. त्यांनी तीन ज्येष्ठ शिक्षकांना दोन-दोन ओळींत लेखी मत द्यायला सांगितलं. एकानं लिहिलं, गैरसमज झालेला दिसतो. दुसऱ्यानं लिहिलं, कप कमी पडल्यामुळे तात्पुरती व्यवस्था केलेली आहे. तिसरे सर. मी निर्धास्त होते. हा माणूस दप्तर पाठीवर घेऊन चालला होता. या माणसाचा हात त्या आठवड्यातही माझ्या डब्यात येत होता, पत्रिकेआधी यायचा तसाच. चटणीत त्या आठवड्यात मीठ बरोबर होतं, असंही ते म्हणाले होते.

सर तीन दिवस कोरा कागद पुढं घेऊन बसले. तास घ्यायचे, परत येऊन त्या कागदापुढं बसायचे. मी बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी कागद दिला. हेडमास्तरांनी तो मला वाचायला दिला, जरा सुटकेचा श्वास टाकूनच. सरांचं अक्षर सुरेख होतं.

'मला तसा अनुभव नाही, सबब मत देता येत नाही.'

अर्ज निकाली निघाला.

शाळेत चहा पिणं मी त्या दिवसापासून बंद केलं. आणि दुसऱ्या दिवशी काय घडलं? सरांनी अप्पाला सांगितलं, "मला बी तसलाच कप दे. कागदी." स्टाफरूम हसली. कुणी म्हणालं, अण्णा आता कागदाची चव बघायलेत. सर कागदी कपातून चहा प्याले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही प्याले. दीड वर्ष, निवृत्त होईपर्यंत, रोज त्याच कपातून प्याले. मी समोर रिकाम्या हातानं बसायचे आणि हा माणूस माझ्यासाठी हे करतोय की मला चिडवतोय, ते मला कळायचं नाही. कधी वाटायचं उठून त्यांच्या पाया पडावं, कधी वाटायचं तो कप त्यांच्या अंगावर ओतावा.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर सर माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी प्रामाणिकपणे, पोरांना प्रयोग समजावून सांगावा तसं म्हणाले, "बाई, दीड वर्ष पिऊन बगितलो. चहात कायबी फरक न्हाई. मला कायबी वाटलं न्हाई. मग तुमाला कामून वाटलं? मला सबब सांगा."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणूनच माझं डोकं भणाणलं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही तो कप मागून घेतलात. मला तो न मागता मिळाला."

सर उभेच राहिले. हातातला हाराचा पुडा त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"व्हय की," ते म्हणाले. "ह्ये ध्यानातच आलं न्हाई." मग अगदी हळू म्हणाले, "मग ह्ये करून कसं बगायचं, बाई?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं आणि पर्स उचलून बस पकडायला निघाले. मागं वळून बघितलं नाही. काय करावं, हे त्यांनी कधी नव्हे ते मला विचारलं होतं, आणि मी त्यांना तिथंच ठेवून निघून गेले. याचंही मला पुढं फार वाईट वाटत राहिलं. वाईट वाटायला नको होतं, असंही वाटत राहिलं.

मग ती जगभराची साथ आली, आणि गेल्यावर शाळेत सगळ्यांनाच कागदी कप झाले. निळ्या फुलांचे कप कपाटात गेले. आता कुणाला कसल्या कपात चहा मिळतो, ते ओळखू येत नाही. मी परत चहा प्यायला लागले. हे बरं झालं की वाईट, तेही मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी सर गेले. शाळेत शोकसभा झाली. प्रत्येकानं उठून एकच सांगितलं, त्यांनी आयुष्यात कधी कुणाला नावं ठेवली नाहीत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले, तोंड उघडलं आणि परत बसले. माझी तक्रार नेमकी तीच होती, आणि ती शोकसभेत कशी सांगायची? शिवाय मला बोलायचा हक्क तरी होता का? त्यांनी तीन दिवस त्या कोऱ्या कागदापुढं बसून काय सोसलं, ते मला कुठं माहीत होतं? मी कधी तसल्या कागदापुढं बसले नव्हते. सरांचाच नियम लावला तर मीही गप्पच बसायला हवं होतं. आणि मी बसलेच की गप्प.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण गेल्या आठवड्यातलं आहे.

यंदा आमच्याकडं गणिताला एक नवी मुलगी आली आहे. औरादकडची, घरात तेलुगू बोलणारी. मराठी चांगली बोलते, पण गडबडली की तोंडून तेलुगू येतं. कुणी घाईत काही विचारलं की ती म्हणते, "चेप्पंडी." म्हणजे सांगा. ती तसं म्हणाली की अख्खी स्टाफरूम खाली वाकून आपापल्या पायातल्या चपला बघते. हा खेळ जूनपासून चालू आहे. आता वर्गातली पोरंही बाकाखाली वाकतात. तिनं अर्ज दिला. हेडमास्तर नवे आहेत, पण पद्धत जुनीच. तीन ज्येष्ठांनी दोन-दोन ओळींत मत द्यावं. त्या तिघांत आता मी आहे.

मधल्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिची समजूत घालायला लागले. "अगं, मी आले तेव्हा मलाही असेच हसले होते. माडि नोड्री म्हणाले तर मी गच्चीवर गेले होते. मला काहीही वाटलं नाही."

बोलून झालं आणि कानात सरांचा आवाज आला. पिऊन बगितलो. मला कायबी वाटलं न्हाई.

मुलगी माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, सरळ बघत होती. "मॅडम, तुमाला एक दिस हसले. मला रोज हसायलेत." मग म्हणाली, "परवा तुमी बी वाकलाव."

मी वाकले होते. खरंच वाकले होते. चहाचा कप हातात होता, म्हणून जरा कमी वाकले, एवढंच.

संध्याकाळी घरी कागद पुढं घेऊन बसले. हे लिहायला हवं की तिच्या भाषेवर हसणं वाईट आहे. पण मी तेलुगू नाही, मला कुणी रोज हसलेलं नाही, मला त्यातलं काय कळतं? आणि मी स्वतः त्या खेळात होते, मी कुठल्या तोंडानं बोलू? नवऱ्यानं जेवायला हाक मारली, मी गेले नाही. तासभर बसले. मग लिहिलं, 'मला तसा अनुभव नाही,' आणि स्वल्पविराम दिला. पुढचा शब्द हातात आपोआप आला. 'स' लिहूनही झाला. सुरेख अक्षरातला तो कागद डोळ्यांपुढं उभा राहिला आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्या ओळीतला 'सबब' हा शब्द सरांच्या घरचा नव्हता, हापिसातलाही नव्हता. आमच्या उदगीरकडचा होता, खोट्या कारणाचा.

मी 'स' खोडला. 'तरी' लिहिलं. 'मला तसा अनुभव नाही, तरी तिचं म्हणणं खरं आहे. हसणाऱ्यांत मीही होते.' दोन ओळी झाल्या. खाली सही केली.

सर, आता मीही कागदापुढं बसून बघितलं आहे. आता तुमच्याच नियमानं मला बोलायचा हक्क आहे, म्हणून सांगते, तुमचं चुकलं होतं. तुम्ही असतात तर सही केल्यावर मला रडू कामून आलं, हे नक्की विचारलं असतंत, आणि त्याची सबब मला अजून सापडलेली नाही.